कोर्टाची जप्ती आली तर घर, बैल, सोनं, पगार यातलं नेमकं काय नेता येतं? (चोपडा तालुका)

केळीवाला_चोपडा

राम राम मंडळी. विषय घरातला आहे म्हणून नाव टाकत नाही, समजून घ्या.

आमच्या आप्पांनी केळीसाठी टिश्यूची रोपं, ठिबकचं सामान, खतं असं सगळं एका कृषी केंद्रातून उधारीवर उचललं होतं, आणि त्या वर्षी बागेवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला, अर्धी झाडं उपटून बांधावर फेकली, उरलेल्या मालाला भाव मिळाला नाही. उधारी राहिली ती राहिलीच. दुकानदाराने चोपड्याच्या कोर्टात दावा टाकला, आप्पांना समन्स आलं होतं पण ते तारखेला गेलेच नाहीत, म्हणे आपण देणं नाकारतच नाही तर कोर्टात जाऊन काय सांगू. झालं, एकतर्फी हुकूमनामा झाला, चार लाख दहा हजार अधिक व्याज. आता दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीच्या अर्जाची, नोटीस आलीय. दुकानावरचा एक माणूस गावात सांगत फिरतोय की घराला कुलूप लावू, बैल सोडून नेऊ, भांडीकुंडी पण ठेवणार नाही. आईने तेव्हापासून जेवण सोडल्यासारखं केलंय.

आमच्याकडे आहे काय तर गावातलं घर, मागचा भाग धाब्याचा आणि पुढे दोन खोल्या स्लॅबच्या, पुढच्या एका खोलीत आई पिठाची गिरणी चालवते. आप्पांच्या नावावर साडेतीन एकर, त्यावर विकास सोसायटीचा बोजा. एक बैलजोडी, एक जुना ट्रॅक्टर ज्याचं फायनान्स फिटलंय. आईच्या अंगावर मंगळसूत्र आणि एक पोत. आप्पांची एलआयसी. मोठा भाऊ जळगाव एमआयडीसीत कामाला आहे, त्याचा या व्यवहाराशी संबंध नाही, सही पण नाही त्याची.

यातलं काय वाचतं काय जातं ते कोणी नीट सांगेल का. आणि गावातले एक जण म्हणतात की तारखेच्या आत जमीन आईच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका म्हणजे विषयच संपला. करावं का तसं?

तापीकाठ

कसाले टेन्शन ली राहिना भो. शेतकऱ्याचं घर आणि शेत कोणीच जप्त करू शकत नाही, कायदाच आहे तसा. बिनधास्त राहा.

निवृत्त_नाझर

वरच्या भाऊंचं अर्धं बरोबर आणि अर्धं चूक आहे, आणि चुकलेल्या अर्ध्यातच माणसाची जमीन जाते, म्हणून सविस्तर लिहितो. माझी नोकरी कोर्टात नाझर म्हणून झाली, बेलिफ माझ्या हाताखाली असायचे, जप्तीची वॉरंटं याच हातांनी वाटलीत.

पहिली गोष्ट आईला सांगा की भांडी कोणी नेत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, तिच्या कलम ६० मध्ये लिहूनच ठेवलंय काय जप्त करता येणार नाही. अंगावरचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण पांघरूण, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना. म्हणजे मंगळसूत्र सुटलं. पोत मात्र या सवलतीत बसेलच असं नाही, पण ती जर आईच्या माहेरची किंवा लग्नातली असेल तर ती मुळात आप्पांची मालमत्ताच नाही, स्त्रीधन आहे, आणि आप्पांच्या देण्यापायी आईची वस्तू नेता येत नाही. चुकून पंचनाम्यात आलीच तर आईने स्वतः त्याच संहितेच्या ऑर्डर २१ नियम ५८ खाली हरकत घ्यायची.

बैलजोडी, वखर, पाभर, बी-बियाणं: शेतकऱ्याला शेती करून पोट भरायला जे लागतं असं कोर्टाला वाटेल ते सुटतं. "कोर्टाला वाटेल" हे शब्द लक्षात ठेवा. दोन बैल म्हटले तर कोणी वाद घालत नाही, पण गोठ्यात दहा म्हशी आणि दुधाचा धंदा असेल तर समोरचा वकील उठून बोलणारच. ट्रॅक्टर औजारात धरायचा की नाही यावर भांडावं लागतं, स्वतःच्या साडेतीन एकरासाठी आहे की लोकांच्या शेतात भाड्याने फिरतो हे विचारलं जाईल. आणि बियाणं सुटतं म्हणजे घरात भरून ठेवलेला कापूस सुटतो असं नाही. उभं पीक सुद्धा जप्त होतं, बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं.

घर. शेतकरी, मजूर किंवा घरगडी याच्या मालकीचं आणि तो स्वतः राहतो ते घर, त्याची जागा आणि लागून वापरातली जमीन जप्त होत नाही. त्यात शेतकरी म्हणजे कोण तेही स्पष्टीकरणात दिलंय, जो जमीन स्वतः कसतो आणि ज्याची गुजराण मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर आहे तो. इथे तुमची गिरणी येते. समोरचा म्हणेल यांचं घर गिरणीवर चालतं, मुलगा एमआयडीसीत कमावतो, हे कसले शेतकरी. तेव्हा गिरणीचं महिन्याचं उत्पन्न किती आणि शेताचं किती हे कागदावर दाखवायची तयारी ठेवा. शेतकरी आहोत हे शाबित करायची जबाबदारी आपली असते, कोर्ट स्वतःहून धरून चालत नाही.

एलआयसीचे पैसे सुटतात. भावाच्या पगाराला हात लागत नाही, हुकूमनामा आप्पांवर आहे.

आता शेत. कलम ६० च्या यादीत शेतजमीन नाही. पुन्हा लिहितो, नाही. घर आहे, बैल आहेत, बियाणं आहे, पण जमीन नाही. दुकानदाराच्या वकिलाला हे पक्कं माहीत असणार, भांडीकुंडीची बडबड फक्त घाबरवायला असते, नजर त्याची सातबाऱ्यावर आहे.

दुकानदार_धुळे

मी स्वतः कृषी केंद्र चालवतो म्हणून दुसरी बाजू पण ऐका. आम्हाला कंपनी उधारी किती दिवस देते माहितीये का, सीझन संपला की डिस्ट्रिब्युटर दारात उभा. इकडे शेतकरी म्हणतो माल विकला की देतो, माल विकतो आणि पोरीचं लग्न करतो. मग आम्ही काय करायचं. सगळेच दुकानदार राक्षस नसतात, माझ्या वहीत तर जवळच्या नातेवाईकांची उधारी पडून आहे, त्यांना मागायला तोंड उघडत नाही.

आणि नाझर साहेब बोलले ते खरंय, आम्ही भांडी न्यायला जातच नाही, भांड्यांना भाव काय येणार, उलट बेलिफचा भत्ता आमच्याच खिशातून. आमचा वकील सरळ सातबारा, आठ-अ काढून आणतो. तुमच्या आप्पांनी कोरा चेक दिला होता का ते आधी बघा, कारण चेक बाउन्सची केस वेगळी चालते, कलम १३८ ची, ती फौजदारी आहे, तिथे घर सुटतं बैल सुटतात हे काही ऐकून घेत नाहीत.

केळीवाला_चोपडा

चेक दिलेला नाही, फक्त बिलांवर आणि वहीत सह्या आहेत. दुकानदार दादा तुमच्यावर राग नाही, आप्पा सुद्धा म्हणतात देणं आहे. पण जमीन गेली तर देणार कुठून.

नाझर साहेब, मग बक्षीसपत्र करूनच टाकावं ना?

निवृत्त_नाझर

अजिबात नाही!! सगळ्यात घातक सल्ला हाच आहे, आणि गावोगाव पारावर फुकट मिळतो.

आज बक्षीसपत्र केलं तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे देणेकऱ्यांना बुडवायला केलेला व्यवहार म्हणून तो रद्द करून घेता येतो. जप्तीचा हुकूम झाल्यावर केलात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ खाली जप्तीपुरता तो व्यवहारच फोल. म्हणजे स्टॅम्प, नोंदणी, वकील, सगळा खर्च पाण्यात. पण खरं नुकसान पुढे आहे. पैशाच्या हुकूमनाम्यात माणसाला दिवाणी कैदेत टाकायचं असेल तर तो नुसता गरीब असून चालत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या निकालात सांगितलंय की देणं फिटलं नाही एवढ्यावरून तुरुंग नाही, ऐपत असून टाळाटाळ किंवा बदनीयत दिसली पाहिजे. आणि संहितेच्या कलम ५१ मध्ये बदनीयतीची जी उदाहरणं दिलीत त्यात दावा दाखल झाल्यावर मालमत्ता लपवणं, दुसऱ्याच्या नावावर करणं हेच आहे. आज आप्पांकडे सांगायला आहे की बाग रोगाने गेली, देणं मान्य आहे, जमत नाही. बक्षीसपत्र केलं की हे बोलायची सोय गेली. आईला मात्र या हुकूमनाम्यात अटक होऊ शकत नाही, बाईला पैशाच्या हुकूमनाम्यात अटक नाहीच, कलम ५६.

आता जमिनीचं. जप्त होऊ शकते पण उद्या सकाळी लिलाव असं नसतं. आधी मनाईचा हुकूम निघतो, दवंडी, चावडीवर नोटीस, मग किंमत, मग विक्रीची जाहीर नोटीस. ऑर्डर २१ च्या नियम ६४ प्रमाणे देणं फिटेल एवढाच तुकडा विकायचा, चार लाखांसाठी साडेतीन एकर एकदम लिलावात काढत असतील तर हरकत घ्यायची. सोसायटीचा बोजा आहे तो विक्रीच्या जाहिरातीत दाखवावाच लागतो, बोजाच्या जमिनीला गिऱ्हाईक लवकर येत नाही. आणि लिलाव झालाच तरी साठ दिवसांच्या आत जाहिरातीतली रक्कम आणि घेणाऱ्याला किमतीच्या पाच टक्के कोर्टात भरले तर विक्री रद्द होते, नियम ८९. नातेवाईक गोळा करायला तेवढी मुदत असते.

थोडं विषयांतर करतो. पूर्वी असं नव्हतं. १८७५ साली पुण्याकडे सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला, लोकांनी सावकारांची खतं रोखे काढून जाळले, मग इंग्रजांनी १८७९ ला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना, आपल्याकडे नंतर आला. त्यात शेतकऱ्याची जमीन खास गहाण दिलेली नसेल तर हुकूमनाम्यात जप्तच करता येत नव्हती आणि पैशासाठी शेतकऱ्याला कैद पण नव्हती. आमच्या वेळच्या जुन्या वकिलांच्या तोंडी हा कायदा असायचा. तापीकाठ भाऊंनी जे ऐकलंय ना की शेत जप्त होत नाही, ते बहुतेक आजोबांच्या काळातलं कानावर आलेलं असणार.

तापीकाठ

बरोबर साहेब, आमचे बाबा सांगायचे ते. मग शेतजमिनीवर बँक पण जप्ती आणू शकते का? टीव्हीवर तर दाखवतात सरफेसी सरफेसी

निवृत्त_नाझर

सरफेसी म्हणजे बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा २००२ चा कायदा, त्यात कलम ३१ मध्ये शेतजमिनीवरचं तारण वगळलंय, त्यामुळे बँकेला त्या कायद्याने कोर्टाला वळसा घालून शेतजमिनीचा ताबा घेता येत नाही. एक लाखाच्या आतलं कर्ज पण वगळलंय. पण याचा अर्थ बँक दावा टाकू शकत नाही असा नाही, आणि घर जर तारण लिहून दिलं असेल तर ते "शेतकऱ्याचं घर आहे" म्हणून सुटत नाही. कलम ६० ची सगळी सवलत ही न गुंतवलेल्या वस्तूंसाठी आहे हे डोक्यात फिट करा. सोनं सोनारकर्जात ठेवलं, घर गहाण टाकलं, ट्रॅक्टर फायनान्सच्या नावावर आहे, तिथे आपण आपल्या हाताने कुंपण काढून दिलेलं असतं.

उलट एक चांगलं कलम आहे जे कोणी वाचत नाही. ६० ची १-अ. करारात कुठे बारीक अक्षरात लिहून घेतलं असेल की "मी जप्तीतून मिळणारी सूट सोडतो" तर तो करार रद्दबातल. सही असली तरी.

झेडपी_गुरुजी

मी यातून गेलोय, जामीनदार म्हणून, म्हणून पगाराचं सांगतो. सोबतच्या एका शिक्षकाला एका पतसंस्थेत जामीन राहिलो, तो बदली करून गेला आणि हप्ते बंद केले. पतसंस्था कोर्टात गेलीच नाही, सहकार कायद्याच्या १०१ खाली वसुली दाखला काढला आणि वसुली अधिकारी सरळ शाळेत आला, पोरांसमोर. वरिष्ठांकडे दाद मागायला गेलो तर १५४ मध्ये आधी निम्मी रक्कम भरा मग तुमचं ऐकू. जामीनदार म्हणजे कर्जदाराइतकाच जबाबदार, आधी त्याच्याकडून घ्या मग माझ्याकडे या असं म्हणता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

कोर्टाच्या हुकूमनाम्यात मात्र पगाराचा हिशोब ठरलेला आहे. पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडायचे. समजा जप्तीसाठी धरायचा पगार ४०,०००. हजार बाजूला, राहिले ३९,०००, त्याचे दोन तृतीयांश २६,०००, म्हणजे तुमच्या हातात २७,००० आले पाहिजेत आणि जास्तीत जास्त १३,००० कापता येतात. आणि एकाच हुकूमनाम्यात चोवीस महिने कपात झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा, मग देणं उरलं असलं तरी. हे ऑफिसच्या बाबूला माहीत नसतं, तो वर्षानुवर्षं कापत बसतो, अर्ज आपण द्यायचा. बायकोच्या पोटगीचा हुकूमनामा असेल तर हा हिशोब नाही, तिथे फक्त एक तृतीयांश पगार सुटतो, तेही बरोबरच आहे म्हणा.

पतसंस्थेच्या कर्जाला आपण स्वतः पगारातून कापून घ्या असं करारपत्र लिहून दिलेलं असतं, सहकार कायद्याच्या कलम ४९ चं, ती कपात म्हणजे ही जप्ती नव्हे, दोन्हीची गल्लत करू नका. आमच्या स्टाफरूममध्ये यावरून भांडणं झालीत.

आणि रिटायर झालेल्यांसाठी, पेन्शन, ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड जप्त होत नाही. ते पैसे एफडीत टाकले तरी स्वरूप बदलत नाही असं सुप्रीम कोर्टाने राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक यात म्हटलंय.

शहाद्याचा_भाऊ

आमच्या नंदुरबारकडचं एक टाकतो. आदिवासी खातेदाराची जमीन कोर्टाच्या हुकूमनाम्यातल्या लिलावात सुद्धा बिगर आदिवासीला परवानगीशिवाय जात नाही, महसूल संहितेचं ३६-अ बघा. तरी पण लोक तोंडी व्यवहार करून वर्षानुवर्षं दुसऱ्याची जमीन कसतात, तो विषय वेगळा काढू कधीतरी.

दुसरं, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुराचं. आमच्याकडे एका सालदारावर कोणीतरी हुकूमनामा आणला आणि मालकाला सांगितलं याचं साल आमच्याकडे जमा करा. मजुराची मजुरी, पैशात असो की धान्यात, जप्त होतच नाही, सगळीच सुटते, तिथे दोन तृतीयांश वगैरे भानगड नाही. मालकाला माहीत नव्हतं तो देऊन बसला असता.

खासगी सावकार असेल तर अजून वेगळं, लायसन नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करा, २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुकानदाराची मालाची उधारी मात्र सावकारीत धरता येत नाही बहुतेक वेळा, त्यामुळे केळीवाल्या भाऊंना याचा उपयोग नाही.

ह्यूस्टनकर_अमळनेरी

मूळचा अमळनेरचा, आता टेक्सासला. वाचून मजा वाटली कारण इथे हाच विषय लोक बिनधास्त चारचौघात बोलतात. टेक्सास स्वतंत्र देश होता तेव्हा १८३९ लाच यांनी राहतं घर देणेकऱ्यांपासून वाचवायचा कायदा केला. आज गावाकडे राहणाऱ्या कुटुंबाचं घर आणि त्याच्यासोबत २०० एकरांपर्यंत जमीन सुटते, शहरात १० एकरांपर्यंत, किंमत कितीही असो. साध्या देण्यासाठी पगाराला पण हात लावता येत नाही, पोरांची पोटगी, टॅक्स, असलं सोडून. बाकी सामान, गाडी, औजारं मिळून कुटुंबाला एक लाख डॉलरपर्यंत. शेजारच्या राज्यात गेलं की आकडे एकदम वेगळे, कुठे घराची सूट फारच थोडी. म्हणून मग पैसेवाले लोक दिवाळं काढायच्या आधी टेक्सास नाहीतर फ्लोरिडात मोठं घर घ्यायचे, २००५ ला कायदा बदलून घर घेतल्यापासून १२१५ दिवसांची अट आणि रकमेची मर्यादा घातली तेव्हा कुठे ते जरा आटोक्यात आलं.

पण बँकेचं गृहकर्ज थकलं तर इथेही घर जातंच. नाझर साहेबांचं कुंपणाचं इथेही लागू आहे.

इथे दिवाळखोरी जाहीर केली की बरीच देणी माफ होऊन माणूस नव्याने सुरू करतो. आपल्याकडे आप्पांना तसं करता येत नाही का?

निवृत्त_नाझर

करता येतं, कागदावर. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग अजून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू केलाय, २०१९ च्या डिसेंबरपासून. सामान्य माणसाला अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा, पाचशे रुपयांवर देणं असलं की अर्ज करता येतो यावरून त्याचं वय समजा. जिल्हा न्यायालयात अर्ज, मग तुमची मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, त्यातही कलम ६० मधल्या वस्तू सोडूनच. पण त्यात साडेतीन एकर आपणहून रिसीव्हरच्या हातात द्यायचे, आणि नादार जाहीर झाल्यावर गावात जी चर्चा होते ती वेगळी. एका देणेकऱ्यासाठी एवढा उपद्व्याप मी तरी सुचवणार नाही. दहा ठिकाणची देणी असती तर विचार केला असता.

दुकानदार_धुळे

मी सांगू का खरं. आम्हाला जमीन नको असते. लिलावाला वर्ष वर्ष जातात, गावातला कोणी बोली लावत नाही कारण उद्या त्याच बांधावर तुमच्याशेजारी त्याला राहायचंय. माझ्या एका प्रकरणात शेवटी हप्ते बांधले तेव्हाच पैसे बघायला मिळाले. आप्पांना घेऊन दुकानदाराला भेटा, सोबत गावातला दोघांचा मान राखणारा माणूस न्या, व्याज सोडायला लावा, बाकीचं केळीच्या दोन कापणीत. हप्त्याने द्यायचा हुकूम आता निकालानंतर दुकानदाराच्या संमतीशिवाय कोर्ट करत नाही, म्हणून त्याच्याशी बोलावंच लागेल, मान खाली घालावी लागली तरी.

झेडपी_गुरुजी

+१. आणि एकतर्फी हुकूमनामा उठवायचा विचार करत असाल तर मुदत तीस दिवसांची आहे, समन्स मिळूनही गेले नाहीत म्हटल्यावर उशीर माफ करून घ्यायला सबळ कारण लागेल.

केळीवाला_चोपडा

सगळ्यांचे खूप खूप आभार. आईला मंगळसूत्र आणि भांड्यांचं वाचून दाखवलं, जरा बोलायला लागलीय. बक्षीसपत्राचं कॅन्सल, आप्पाच म्हणाले होते की मला ते पटत नव्हतं.

वकील फी परवडत नाही हा एक प्रश्न आहे. आणि कोर्टात न्यायचं काय काय?

निवृत्त_नाझर

चोपडा कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करा. बायका, अनुसूचित जाती जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. आईच्या पोतीच्या हरकतीला तर नक्की मिळेल.

सातबारा, आठ-अ, घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, रेशन कार्ड, सोसायटीचा कर्ज उतारा, केळी विकल्याच्या पावत्या, बाग गेली त्याचा पंचनामा झाला असेल तर तो, एलआयसीची पॉलिसी. तारखेला आप्पांनी स्वतः हजर राहायचं, या वेळी तरी. कलम ४७ खाली लेखी हरकत द्यायची की अमुक अमुक मालमत्ता कलम ६० खाली सुटते. बेलिफ दारात आल्यावर तोंडी सांगून उपयोग नाही, तो बिचारा यादी करतो, अर्जदाराचा माणूस शेजारी उभा राहून हे लिहा ते लिहा म्हणत असतो, आणि पंचनाम्यात एकदा बैल चढले की सोडवायला परत अर्ज आणि परत तारीख. बेलिफ आला तर भांडू नका, पाणी द्या, आणि प्रत्येक वस्तूपुढे आमची हरकत आहे असं पंचनाम्यात लिहून घ्या. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जप्तीसाठी घरात शिरता येत नाही, कलम ६२, आणि दुकानाचा माणूस एकटा आला बेलिफशिवाय तर त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचंच कारण नाही.

केळीवाला_चोपडा

साहेब एक शेवटचं. आप्पांनी हुकूमनाम्यानंतर, म्हणजे मागच्या पंधरवड्यात, दुकानदाराला तीस हजार दिलेत. वीस हजार भावाने फोनपे केले, दहा हजार रोख. पावती नाही घेतली. पण नोटिशीत रक्कम पूर्णच आहे, ते कमी केलेले नाहीत. दुकानात विचारलं तर म्हणे वहीत जमा आहे.

निवृत्त_नाझर

वहीत असेल, कोर्टात नाही. कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदले गेले नाहीत तर दरखास्तीत ते धरतच नाहीत, ऑर्डर २१ नियम २. नोंदवायचा अर्ज पैसे दिल्यापासून तीस दिवसांत आप्पांनी करायचा असतो, म्हणजे तुमच्या हातात अजून पंधरा-एक दिवस आहेत. फोनपेचे वीस हजार बँकेच्या स्टेटमेंटवर दिसतील, ते कागदाने शाबित होतात. दहा हजारांसाठी दुकानदाराकडून लेखी घ्या, नाहीतर त्याला कोर्टात पुरसिस, म्हणजे पैसे मिळाल्याचं लेखी निवेदन, द्यायला सांगा. धुळ्याचे भाऊ म्हणतात तसं बोलणीला जाणारच आहात ना, तर पहिला विषय हाच काढा, आणि यापुढचा एकही हप्ता रोख देऊ नका, कोर्टात भरा नाहीतर बँकेतून द्या.

केळीवाला_चोपडा

स्टेटमेंट काढायला भावाला आत्ताच फोन केला. सोमवारी विधी सेवेत जाऊन येतो, काय झालं ते इथेच टाकतो.

दुकानदार_धुळे

दुकानदाराला भेटायला जाताना ते वीस हजारांचं स्टेटमेंट सोबत न्या, आणि आप्पांनाच बोलू द्या, तुम्ही मधे कलम काढू नका.

तापीकाठ

यावल तालुक्यात पण सीएमव्हीने लई बागा गेल्यात भो, तुमच्याकडे पंचनामे झाले होते का? आमच्याकडे तलाठी आला आणि बांधावरूनच गेला.

केळीवाला_चोपडा

झाला होता, आप्पांची सही पण आहे त्यावर. कॉपी मिळाली नाही, तहसीलला नकलेचा अर्ज टाकतो.